इंदूकाकूंच्या वहीला लागलेली कसर

माझी भाची कॉम्प्युटरवर प्रेमकथा लिहिते. पात्रं तिची नव्हेत, कुठल्याशा मालिकेतली उचललेली. मालिका जिथं संपते तिथून ही पुढं सुरू होते, आणि ठिकठिकाणच्या रिकामटेकड्या पोरी ते वाचून खाली शेरे मारतात. याला फॅन फिक्शन म्हणतात, असं तिनं मला फार दयाळूपणानं समजावून सांगितलं. गेल्या दिवाळीत आली तेव्हा गाल फुगवून बसली होती. कोणीतरी शेरा मारला होता, ‘तुझ्या सगळ्या गोष्टी सारख्याच. भांडण, ताप, रडारड, मिठी. नुसता फॉर्म्युला!’

“मावशी, तू मराठीची ना? तूच सांग. प्रेमाच्या गोष्टी सगळ्या एका छापाच्याच असतात का गं?”

एके काळी या प्रश्नावर मी न थांबता पाऊण तास बोलत असे. त्यापायी मला एक बाही कोपरापर्यंत आणि दुसरी मनगटापर्यंत असलेला ब्लाऊज घालून देवळीच्या मेन रोडवरून चालत जावं लागलं. तेव्हापासून मी या विषयावर जपून बोलते. भाचीला म्हटलं, “फराळाचं ताट घे आणि बस. तुला इंदूकाकू सांगते.”

नव्वदीचा मधला काळ असेल. देवळीच्या ज्युनियर कॉलेजात मी मराठी शिकवायला नुकती लागले होते. माहेर वर्ध्याचं, वय अठ्ठावीस, लग्न नाही, आणि डोक्यात एम.ए.ची हवा गच्च भरलेली. खोली मिळाली ती इंदूकाकू ढोबळ्यांच्या घराच्या मागच्या अंगाला. पुढच्या खोलीत त्यांचा शिवणक्लास. तीन मशिनी, एक लांब टेबल, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले खाकी कागदाचे फर्मे. फर्मा म्हणजे ब्लाऊजचा कागदी नमुना. तो कापडावर ठेवायचा, खडूनं रेघ मारायची आणि कात्री चालवायची. बत्तीसचा, चौतीसचा, छत्तीसचा, असे सगळे फर्मे तिथं वाऱ्यानं हलत असायचे.

काकू ठेंगण्या, गोल, आणि तोंडात सदा दोन टाचण्या धरलेल्या. टाचण्यांसकट बोलायच्या, त्यामुळं सगळं बोलणं ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून यायचं. गळ्यात टेप. बाजारात टेप, लग्नात टेप, सत्यनारायणालासुद्धा टेप. माणूस दिसला की त्या आधी त्याचं माप घ्यायच्या, नुसत्या नजरेनं, आणि मग नमस्कार करायच्या. एकदा गल्लीतल्या एका पोरीला पाहायला मुलगा आला, तर काकूंनी दारातूनच निकाल दिला, “बेचाळीस छाती, खांदा उतरता. उतरत्या खांद्याचा मानूस भांडत नाई. द्या पोरगी बिनधास्त.” पोरगी दिली. अजून तरी भांडणाची बातमी नाही.

मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वरपासून खालपर्यंत नजर फिरवून म्हणाल्या, “चौतीस. रागीट.”

“रागीट कशावरून?”

“खांदे वर धरून राह्यल्या नं जी मॅडम. माप देताना खाली सोडजा, नाईतं बाही चढते.”

आणि माया. शिवणीच्या आत जरा जास्तीचं कापड सोडतात, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला शिवणकामात माया म्हणतात. देवळीतले बाकीचे शिंपी चिमूटभर माया सोडायचे. काकू चांगली बोटभर सोडायच्या. त्यांचा ब्लाऊज बाळंतपणातून, दुखण्यातून, सासुरवासातून, सगळ्यातून निभावून जायचा. “मानूस वाढते, आटते,” त्या म्हणायच्या. “शिवणाऱ्यानं ते धरून चालावं.” या शब्दाची त्यांना इतकी सवय होती की वहीच्या समासालाही त्या मायाच म्हणायच्या. ‘दोन बोटं माया सोडून लिहा वं,’ असं क्लासच्या पोरींना सांगायच्या. मी एकदोनदा ‘समास, समास’ अशी दुरुस्ती केली, तर ‘तेच ते’ म्हणाल्या.

तर मालिका. दर बुधवारी संध्याकाळी टीव्हीवर एक लागायची. नाव सांगत नाही, कारण आज कोणालाच आठवणार नाही. नायक देवदत्त, गिरणीमालकाचा मुलगा. नायिका मंजिरी, गरीब आणि सोशिक. एका बुधवारी देवदत्त गैरसमजानं रागावून बसमध्ये चढला, मंजिरी हातात डबा घेऊन फलाटावर उभी राहिली, आणि मालिका बंद पडली. का पडली देव जाणे. पुढच्या बुधवारी त्या जागी सोयाबीनवरच्या अळीचा कार्यक्रम लागला. क्लासमधल्या पोरी अळी बघत तशाच बसून राहिल्या.

रंजना नावाची पोरगी त्यात सगळ्यात वेडी. ती तर रडायलाच लागली. “काकू, आता तिचा डबा तसाच राह्यते काय वो?”

काकूंनी टाचण्या तोंडातून काढल्या. ही गोष्ट क्वचित घडायची. म्हणाल्या, “तसाच काऊन राहीन? मी पोचवतो त्याले डबा.” आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून दोनशे पानी वही आणली.

मी देवळीत असेपर्यंत त्या डब्याच्या अशा चौदा वह्या झाल्या.

दुपारी दोन ते चार काकू लिहायच्या. पोरी हुकं लावायच्या, काज करायच्या आणि रंजना मोठ्यानं वाचायची. मग वही गावात फिरायची. शिवलेल्या ब्लाऊजच्या घडीत घालून ती या घरातून त्या घरात जायची, कारण घडी उघडून बघायची कोणा सासऱ्याची हिंमत नव्हती. पहिल्या वहीतला देवदत्त बंगल्यात राहायचा आणि ‘मंजिरी, मी तुझ्यावाचून जगू शकत नाही’ असं शुद्ध बोलायचा. तिसऱ्या वहीत तो पुलगावच्या गाडीत बसला. पाचव्यात बस स्टँडवर आलूबोंडा खाताना पहिल्यांदा ‘काऊन’ म्हणाला. पुढं पुढं तर तो बोलेनासाच झाला. नुसता उभा राहायचा, कानामागची पेन्सिल काढायचा, परत खोचायचा. गिरणीमालकाच्या पोराला कानामागं पेन्सिल कशाला, हे मला कळेना.

आणि दर वहीत तेच. गैरसमज व्हायचा, ताटातूट व्हायची, देवदत्तला ताप चढायचा. मंजिरी कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायची. ताप उतरायचा, आणि शेवटच्या पानावर तो विचारायचा, “जेवली काय?” की संपलं. चौदा वेळा. मला राहवेना. मास्तरकीची खोड, दुसरं काय! माझ्याकडं वही आली की मी लाल पेननं ऱ्हस्वदीर्घ सुधारायची, आणि कडेला लिहायची, ‘पुन्हा ताप? हा सहावा!’ काकूंनी एकदा ते पाहिलं. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मॅडम, माया भरून टाकासाठी नसते जी. सोडासाठी असते.”

वह्यांना आणखी एक रोग होता. कसर. पानांच्या कडेला बारीक गोल भोकं पडायची. नवल असं, की ही कसर भलतीच रसिक होती. बंगल्याच्या वर्णनाला तोंड लावायची नाही, खलनायकाच्या पानांना शिवायची नाही. नेमकी पट्ट्यांच्या पानावर पडायची आणि नेमकी ‘जेवली काय’पाशी. रंजना म्हणायची, “किड्यालेबी समजते वो काकू, कुठं रडाचं ते!” पोरींनी वह्यांमध्ये डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्या. मंजिरीच्या विरहाला त्यामुळं कायम संडासाचा वास यायचा. भोकं काही थांबली नाहीत.

घरात तिसरं माणूस होतं, पण ते असून नसल्यासारखं. काकूंचे यजमान, नामदेवराव, एसटीत कंडक्टर. उंच, वाळके, कानामागं पेन्सिल. हो, मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण एम.ए. झालेल्या माणसाला डोळ्यांसमोरचं दिसत नाही. गाडीत हा गृहस्थ दिवसभर ओरडायचा, ‘चला, मागं सरका, सुट्टे काढा, ओ दादा, पाय आत!’ घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. सकाळी ‘येतो’, संध्याकाळी ‘हं’. काकू म्हणायच्या, “याईचं सारं बोलणं बसमधेच संपते. घरी येते ती नुसती टोपी.” मी विचारलं, “तुमच्या वह्या वाचतात का ते?” तर हसून म्हणाल्या, “कंडक्टर तिकिटाशिवाय काय वाचते जी?” हसल्या खऱ्या, पण टाचणी ओठात टोचल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला मंडळानं कथास्पर्धा ठेवली आणि परीक्षक म्हणून मला बसवलं. कथा बिननावाच्या होत्या. पण एकीत तिसऱ्याच ओळीला नायकाचं अंग तापलं, तेव्हा लेखिका कोण हे सांगायला नाव कशाला पाहिजे! मी झोकात शेरा लिहिला. मला वाटलं, तो फक्त मंडळाच्या फाइलीत जाईल. अध्यक्षीणबाईंनी तो माइकवरून वाचला. “कथा साचेबद्ध आहे. ताप, पट्ट्या आणि ‘जेवली काय’ यांची यांत्रिक पुनरावृत्ती होते. लेखिकेने साचा मोडावा.”

साऱ्या बायकांच्या माना काकूंकडं वळल्या. काकूंच्या हातात तिळाचा लाडू होता. तो तसाच धरून त्यांनी मला विचारलं, “साचेबद्ध म्हंजे काय वो मॅडम?”

“म्हणजे... एकाच साच्यातून काढल्यासारखं.”

“म्हंजे फर्मा.”

“हो. तसंच.”

“आता इथं बसलेल्या चाळीस जणींचे ब्लाऊज मी एकाच फर्म्यानं कापले,” काकू शांतपणे म्हणाल्या. “एकीचा तरी दुसरीले होते काय, पाहा घालून.” बायका खो खो हसल्या. मीही हसले. पण काकूंनी तो लाडू खाल्ला नाही, पदराला बांधला आणि लवकर घरी गेल्या.

माझा एक ब्लाऊज त्यांच्याकडं शिवायला होता, कॉलेजच्या गॅदरिंगसाठी. आठ दिवसांनी रंजनानं तो आणून दिला. पेपरची घडी उघडते तो काय, डावी बाही कोपरापर्यंत, उजवी थेट मनगटापर्यंत. गळा एका खांद्याकडं पळालेला. हुकं काखेत. मी तशीच तरातरा पुढच्या खोलीत गेले.

“काकू, हे काय आहे?”

“साचा मोडला जी,” टाचण्यांच्या कोपऱ्यातून आवाज आला. “अगदी नवीन. याच्या आधी कोणीच नाई केलं असं.”

क्लास तोंडात पदर कोंबून हसत होता. मी पाय आपटत परत आले. आता खरं सांगायचं तर मला त्या दिवशी राग आला नव्हता, हरल्याचा जळफळाट झाला होता. चार वर्षं शिकून मी जे विद्यापीठात बोलू शकले नव्हते ते या बाईनं दोन बाह्यांत सांगितलं होतं.

पण चेष्टा तिथंच संपली. काकूंनी लिहिणं बंद केलं. चौदावी वही अर्धी राहिली. देवदत्त तापानं फणफणलेला, मंजिरी पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी, आणि पुढं कोरी पानं. रंजनानं विनवण्या केल्या, पोरींनी रुसून पाहिलं. काकू म्हणायच्या, “मॅडम शिकलेली बाई आहे. तिले समजते तं खरंच असन. एकच गोष्ट किती डाव सांगाची?” दुपारी दोन ते चार नुसत्या मशिनीवर बसून असायच्या, पाय न हलवता.

गावानं माझ्यावर बहिष्कार टाकला. भाजीवाली रोज पिशवीत फुकट सांबार टाकायची. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. तो बंद झाला. माझ्या पुढ्यात कालची मेथी यायला लागली. कॉलेजच्या शिपायाची बायको एकदा रस्त्यात अडवून म्हणाली, “त्या पोराले तापात ठेवलं तुमी, मॅडम. चांगलं नाई केलं.” मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. काकूंच्या मशिनीचा आवाज भिंतीपलीकडून येईना, आणि मला घास गोड लागेना.

अशात एका शनिवारी दुपारी मी वर्ध्याला निघाले. गाडी नामदेवरावांची. तिकिटं फाडत, तिकिटाला चिमट्यानं टक् टक् भोक पाडत ते माझ्या बाकापाशी आले. दीड वर्षात हा माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. तिकीट हातात दिलं आणि पुढं जायचे ते थांबले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कानामागची पेन्सिल काढली, परत खोचली. मग खाली वाकून हळूच विचारलं,

“मॅडम, देवदत्तचा ताप उतरला काय?”

मी हातातल्या तिकिटाकडं पाहिलं. बारीक गोल भोक. देवळीभर डांबरगोळ्या खाऊन न मेलेली कसर माझ्यासमोर खाकी कपड्यात उभी होती.

“तुम्ही वाचता?”

“वर्ध्याले गाडी वीस मिनिटं उभी राह्यते,” ते कानापर्यंत लाल झाले. “मशिनीच्या खणातून नेतो, रातच्याले परत ठेवतो. बरं वाटलं का भोक पाडतो. सवय आहे हाताले. हिले सांगू नोका.”

“का पण? किती आनंद होईल त्यांना!”

“मंग ती माह्याकडं पाहीन,” ते म्हणाले. “अन् मले काही बोला लागन.” या भीतीनं त्यांच्या कपाळावर खरोखर घाम आला होता. जरा थांबून म्हणाले, “तो देवदत्त चांगला मानूस आहे. उगाच बोलत नाई जास्त. असे मानसं आता राह्यले नाई.”

मी त्यांच्या कानामागच्या पेन्सिलीकडं बघत राहिले. शपथेवर सांगते, त्यांना काहीही कळलेलं नव्हतं.

सालोड आलं. चारजण उतरले, सहा चढले. घंटी मारून ते परत माझ्यापाशी आले. बहुधा हे वाक्य त्यांनी त्या टप्प्यात तयार केलं असावं. “तुमी लिहिलं म्हंते, रोज तेच तेच. आमची गाडीबी रोज तेच करते. देवळी, सालोड, सावंगी, वर्धा. म्हून कोणी म्हंते काय, आज वर्धा नोको, नवीन काही दाखवा? पोचाचं ठाऊक असते म्हूनच तं लोकं निवांत खिडकीतून पाह्यते.”

वर्ध्याला उतरले ती मी दुसऱ्या फलाटावर जाऊन देवळीच्याच गाडीत बसले.

आल्याबरोबर पेटीतून तो ब्लाऊज काढला, अंगावर चढवला आणि पदर मुद्दाम आखडून घेतला. आणि मागच्या दारानं सरळ क्लासमध्ये न जाता आधी मेन रोडनं एक फेरी मारली, भाजीवालीसमोरून, शिपायाच्या घरासमोरून, महिला मंडळाच्या ओट्यासमोरून. पानठेल्यावरची माणसं पान चघळायची थांबली. मग क्लासच्या दारात उभी राहून मी म्हटलं, “काकू, साच्याबाहेरचं अंगाला बसत नाही. माझं चुकलं.”

काकूंनी वर पाहिलं. टाचण्या तोंडातून गळून पडल्या. हसता हसता त्या मशिनीवर आडव्या झाल्या, डोळ्यांतून पाणी. “काढा वो ते, मॅडम! भर बाजारातून आल्या? माह्या दुकानाचं नाव बुडवलं तुमी!” पोरींना घरी पाठवलं, दार लावलं आणि बाही उसवायला मला समोर बसवलं. ब्लेडनं टाका टाका उसवत होत्या. नामदेवरावांनी ‘हिले सांगू नोका’ म्हणून बजावलं होतं, म्हणून ओठ घट्ट मिटून बसले होते. काकूच खाली मान घालून म्हणाल्या,

“बसमधी काही बोल्ले काय हे?”

“कोण? नाही बाई.”

“मॅडम, बावीस वर्सं कापड पाहून राह्यली मी. कसर लागली तं वाकडंतिकडं खाते. गोल भोक पाडते काय कधी? तेबी मायेतच, एक अक्षर न तोडता?”

 “तुम्हाला माहीत होतं? मग त्या डांबरगोळ्या?”

“त्या पोट्ट्याईसाठी. नाईतं याईले चिडवून चिडवून जीव नोको करतील.” त्यांनी दोरा ओढून काढला. “पह्यल्या वहीत मी लय काय काय लिहिलं होतं. बंगला, मोटार, थंड हवेचं ठिकाण. कुठंच भोक नाई. पट्ट्या ठेवल्या तिथं एक. ‘जेवली काय’ तिथं एक. दुसऱ्या वहीत मोटार काढून टाकली. तिसऱ्यात बंगला. जिथं भोक पडे ते मी पुढच्या वहीत पुन्हा लिहो. तुमी म्हणता तो फर्मा, त्याचं माप कोणाचं हाय ते समजलं आता?”

मी विचारलं, “पण तापच का?”

काकूंचा ब्लेडचा हात थांबला. “लग्नाच्या दुसऱ्या साली याईले टायफाइड झालता. एकवीस दिवस पट्ट्या बदलल्या मी. तापाच्या भरात हा मानूस इतका बोलला, इतका बोलला, काय सांगू! दिवसातून दहा डाव विचारे, ‘इंदू, जेवली काय? इंदू, जेवली काय?’ माह्या बापानंबी कधी विचारलं नव्हतं. मंग ताप उतरला, अन् बोलणंबी उतरलं. देवाले म्हटलं, बरं केलं ते चांगलं केलं रे बाप्पा, पण थोडी कणकण ठेवाची होती.”

बोलल्या आणि लगेच नाक पुसून खेकसल्या, “याईले सांगू नोका. मले समजलं असं कळलं, तं भोक पाडाचं सोडून देतील.”

म्हणजे आता नवऱ्याचं गुपित बायकोपासून आणि बायकोचं गुपित नवऱ्यापासून लपवायचं, आणि मधली भिंत मी! संध्याकाळी नामदेवराव आले, ‘हं’ म्हणाले, टोपी खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशी दोन वाजता काकूंनी चौदावी वही उघडली. शनिवारी ती माझ्याकडं आली तेव्हा देवदत्तचा ताप उतरला होता आणि पानाच्या कडेला एक नाही, ओळीनं तीन भोकं होती. मी लाल पेन पर्समध्ये परत ठेवलं. सोमवारी माझ्या पिशवीत सांबार पडला.

त्यानंतर माझी बदली झाली. वर्धा, मग हिंगणघाट. कधीमधी रंजनाचं पत्र यायचं. मग पत्रं लिहायचे दिवसही गेले. रेडिमेड ब्लाऊज आले, क्लास आटला. गाड्यांमध्ये तिकिटाचं मशीन आलं, चिमटे गेले. पुढं कोणीतरी सांगितलं, काकूंच्या वह्यांची संख्या एकोणतीसवर थांबली, कारण डोळे अधू झाले. वर्षानुवर्षं बारीक टाके घातलेले डोळे ते.

दोन वर्षांमागं देवळीला एका लग्नाला गेले होते, तेव्हा दुपारी त्यांच्या घरी डोकावले. काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. दोन्ही डोळ्यांवर काळा, आडव्या काचांचा चष्मा. मशीनजवळच्या खाटेवर बसलेल्या. गळ्यात टेप होताच. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, “छत्तीस झाल्या असान आता. माया पुरली ना?”

खाटेशेजारी स्टुलावर नामदेवराव बसले होते. पूर्ण पांढरे झालेले. मांडीवर सातवी वही. डॉक्टरांनी बायकोला वाचायला मनाई केली होती, आणि बायकोनं सांगितलं होतं की मला माझ्या वह्या ऐकायच्या आहेत. त्यांना आयुष्यात एकाच तऱ्हेनं बोलता यायचं. तसंच वाचत होते, खड्या आवाजात, थांबे घेत. “मंजिरीनं - पट्टी - पिळली. कपाळावर - ठेवली. देवदत्तनं - डोळे उघडले.” सावंगी आली म्हणून सांगावं तसं. मधेच सवयीनं शर्टाच्या खिशातून जुना चिमटा काढला आणि कडेला दाबला. टक्.

“मॅडम,” काकू चेहऱ्याची रेघ न हलवता म्हणाल्या, “वहीले कसर लागली काय हो?”

“लागलेली दिसते,” मी म्हटलं. नामदेवरावांनी चिमटा घाईघाईनं खिशात घातला.

त्यांनी पान उलटलं. शेवटचं पान होतं. “मंजिरी - दारात - थांबली. देवदत्तनं - तिच्याकडं - पाह्यलं. अन् - म्हणाला -”

आणि थांबले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्याकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं, कानामागं हात नेला. तिथं पेन्सिल नव्हती.

“काय म्हणाला?” काकूंनी विचारलं.

 त्यांनी वही मिटली आणि मांडीवर ठेवली.

“जेवली काय?”

या वेळी मधे थांबा घेतला नाही. काकूंनी गळ्यातला टेप सारखा केला. मग म्हणाल्या, “मंजिरीले विचारून राह्यले का मले?”

“तुले.”

काकूंचा हात हवेत पुढं आला. चाचपत चाचपत त्यांना नामदेवरावांचा खांदा सापडला, मग कान, मग कपाळ. तळवा कपाळावर ठेवून त्या थांबल्या, एकदा पालथा, एकदा सुलटा. मग माझ्या दिशेनं तोंड वळवून म्हणाल्या,

“नाई जी मॅडम. ताप नाई.”